वाहन-सुटेभाग उद्योगाचे मोजमाप : दोन आराखडे, एक अहवाल आणि आकड्यांबाहेर राहिलेली साखळी

प्रस्तावना

भारतीय वाहन उद्योगाविषयीच्या शासकीय दस्तऐवजांत १४५ अब्ज डॉलर हा आकडा दोन वेळा आढळतो. 'ऑटोमोटिव्ह मिशन प्लॅन २००६-२०१६' या पहिल्या आराखड्यात तो वाहने आणि सुटे भाग यांच्या एकत्रित उत्पादनाचे २०१६ सालासाठीचे उद्दिष्ट म्हणून आला. नीती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, जागतिक मूल्यसाखळीतील भारताच्या सहभागाविषयीच्या अहवालात तोच आकडा केवळ सुट्या भागांच्या उत्पादनाचे २०३० सालासाठीचे उद्दिष्ट म्हणून पुन्हा येतो. या दोहोंच्या मध्ये २०१६-२०२६ या कालावधीचा दुसरा आराखडा आहे. प्रस्तुत लेखात या तीन दस्तऐवजांची चिकित्सा सुट्या भागांच्या उद्योगाच्या अंगाने केली आहे. हे तिन्ही दस्तऐवज उद्योगाची स्थिती प्रामुख्याने उलाढालीवरून ठरवतात. भागाचा आराखडा कोणाच्या मालकीचा, मंदीचा भार कोणावर आणि यंत्रासमोर उभा राहणारा कामगार कोणत्या अटींवर काम करतो, हे प्रश्न त्यांच्या मोजमापात जवळजवळ येतच नाहीत. ही उणीव तपशिलाची नसून दृष्टीची आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

जडणघडणीचा मागोवा

हा उद्योग बाजारपेठेच्या ओघात आपोआप उभा राहिला नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली, तेव्हा भाग पेट्यांतून येत आणि येथे फक्त जोडले जात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, त्यामागे हा परावलंबी प्रकार मोडण्याची ईर्षा होती. १९५३ मध्ये शासनाने देशांतर्गत निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कंपन्यांना मुभा नाकारली आणि जनरल मोटर्सने येथील काम आवरते घेतले. सुटे भाग तयार करणाऱ्या देशी कारखान्यांना खरी जागा मिळाली ती या निर्णयानंतर. उत्पादकांची संघटना १९५९ मध्ये स्थापन झाली. तीच पुढे 'ॲक्मा' या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्याच्या मुंढवा परिसरात भारत फोर्ज १९६१ मध्ये स्थापन झाली आणि त्याच दशकात बजाज ऑटो व टेल्को यांच्या कारखान्यांभोवती आकुर्डी, पिंपरी, चिंचवड व भोसरी येथे लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले.

दुसरा टप्पा मारुती उद्योगाचा. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मोटार बाहेर पडली तेव्हा तिच्यात देशी भाग अल्प होते. टप्प्याटप्प्याने देशी भागांचे प्रमाण वाढवण्याची अट शासनाने घातली होती आणि येनचा भाव १९८५ नंतर झपाट्याने वाढल्यामुळे आयात परवडेनाशी झाली. अट आणि निकड एकत्र आली. भारतीय भांडवल व जपानी तंत्र यांच्या भागीदारीतील अनेक कारखाने याच काळात उभे राहिले.

तिसऱ्या टप्प्यावर हे साधन शासनाच्या हातून गेले. डिसेंबर १९९७ च्या सार्वजनिक सूचना क्रमांक ६० नुसार परदेशी मोटार कंपन्यांवर तीन वर्षांत ५० टक्के व पाच वर्षांत ७० टक्के देशीकरणाची अट होती. अमेरिका व युरोपीय समुदाय यांच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या निवाडा मंडळाने डिसेंबर २००१ मध्ये ही अट नियमबाह्य ठरवली. पाठोपाठ मार्च २००२ च्या वाहन धोरणाने शंभर टक्के परकीय गुंतवणूक खुली केली. देशीकरणाचे बंधन गेले आणि त्याची जागा उद्दिष्टांच्या भाषेने घेतली. पहिला आराखडा हा या नव्या भाषेचा पहिला मोठा नमुना होय.

उद्दिष्टांच्या आकड्यांची चिकित्सा

पहिल्या आराखड्याने २०१६ पर्यंत १४५ अब्ज डॉलरचे उत्पादन, स्थूल देशांतर्गत उत्पादनात १० टक्क्यांहून अधिक वाटा आणि अडीच कोटी अतिरिक्त रोजगार अशी उद्दिष्टे ठेवली. त्यांचे काय झाले हे कळण्यासाठी दुसऱ्या आराखड्याचा पायाभूत आकडा पाहणे पुरेसे आहे. त्यात २०१५ मधील उद्योगाचे आकारमान सुमारे ४ लाख ६४ हजार कोटी रुपये धरले आहे. त्या वेळच्या सुमारे ६४ रुपये प्रति डॉलर या दराने ते ७२ ते ७३ अब्ज डॉलर होते. म्हणजे उद्दिष्टाच्या निम्मे. जागतिक मंदी हे कारण पुढे करता येते व ते काही अंशी खरेही आहे. तथापि निम्म्यावर आलेल्या आराखड्यानंतरचा आराखडा अधिक सावध असेल, ही अपेक्षा फोल ठरते. दुसऱ्या आराखड्याने २०२६ पर्यंत १६ लाख १६ हजार ते १८ लाख ८८ हजार ५०० कोटी रुपयांचे आकारमान, स्थूल उत्पादनात १२ टक्क्यांहून अधिक वाटा आणि साडेसहा कोटी अतिरिक्त रोजगार असे लक्ष्य ठेवले.

साडेसहा कोटी या संख्येचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. वार्षिक उद्योग सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये देशातील सर्व नोंदणीकृत कारखान्यांत, म्हणजे कापड, साखर, औषधे, पोलाद, वाहने अशा सर्व उद्योगांत मिळून, सुमारे १ कोटी ८५ लाख माणसे काम करीत होती. एका उद्योगाने दहा वर्षांत निर्माण करावयाचा अतिरिक्त रोजगार या संपूर्ण संख्येच्या साडेतीन पट ठरतो. चालक, गॅरेजवाले, विमा प्रतिनिधी, पेट्रोल पंपावरील कर्मचारी असे सर्व अप्रत्यक्ष रोजगार त्यात धरले आहेत हे मान्य केले तरी, ज्या संख्येची पडताळणी कोणत्याही उपलब्ध सर्वेक्षणाने होऊ शकत नाही तिला उद्दिष्ट म्हणणे कठीण आहे.

रुपयांतील लक्ष्याची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. २०२५ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या जाहीर भाषणांतून वाहन उद्योगाचे आकारमान २२ लाख कोटी रुपये असल्याचे वारंवार सांगितले गेले. हा आकडा स्वीकारल्यास दुसऱ्या आराखड्याचे लक्ष्य मुदतीपूर्वीच ओलांडले गेले. परंतु त्याच भाषणांत २०१४ चा आकडा १४ लाख कोटी रुपये सांगितला जातो आणि आराखडा २०१५ साठी ४ लाख ६४ हजार कोटी मानतो. दोन्ही एकाच उद्योगाविषयी बोलत असतील तर त्यांची व्याख्या एक नाही, आणि व्याख्या एक नसेल तर लक्ष्य गाठले की नाही हा प्रश्नच निरर्थक होतो.

स्थूल उत्पादनातील वाट्याचेही तसेच. वाहन उद्योगाचा वाटा ७.१ टक्के आणि कारखानदारीच्या उत्पन्नात सुमारे निम्मा, असे विधान शासकीय प्रसिद्धिपत्रकांत वर्षानुवर्षे येते. वार्षिक उद्योग सर्वेक्षणात मात्र मोटार वाहन निर्मिती ही मूळ धातू, रसायने, अन्नप्रक्रिया, औषधे यांच्या पंक्तीतील एक अग्रगण्य शाखा आहे. इतर सर्व शाखांच्या बेरजेइतकी मोठी नाही. येथे उलाढाल आणि मूल्यवर्धन यांची गल्लत झालेली दिसते. कास्टिंगची किंमत मशीनिंग झालेल्या भागाच्या किमतीत असते, त्या भागाची इंजिनाच्या किमतीत आणि इंजिनाची मोटारीच्या किमतीत. प्रत्येक पायरीवरील विक्री मोजली की तेच लोखंड चार वेळा मोजले जाते. भोसरीच्या गाळ्यातील जॉबवर्क करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याला मुख्य कंपनीचे लोखंड येते, तो त्यावर छिद्रे पाडून देतो आणि त्याच्या हाती फक्त मजुरी पडते.

वाढ कोठून आली

ॲक्माच्या आकडेवारीनुसार सुट्या भागांच्या उद्योगाची उलाढाल २०१८-१९ मध्ये सुमारे ३ लाख ९५ हजार कोटी रुपये होती. २०१९-२० मध्ये ती ३ लाख ४९ हजार कोटींवर घसरली, २०२०-२१ मध्ये आणखी थोडी खाली आली आणि नंतर वेगाने वाढून २०२४-२५ मध्ये ६ लाख ७३ हजार कोटी रुपये झाली. सहा वर्षांत ७० टक्के ही वाढ प्रभावी वाटते. डॉलरमध्ये हीच वाढ ५७ अब्जांवरून ८०.२ अब्जांपर्यंत, म्हणजे सुमारे ४१ टक्के भरते.

याच्या शेजारी वाहनांची संख्या ठेवून पाहावी. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१८-१९ मध्ये देशात सर्व प्रकारची मिळून सुमारे ३ कोटी ९ लाख वाहने तयार झाली. २०२४-२५ मध्ये सुमारे ३ कोटी १० लाख. संख्या जवळपास तेवढीच. अर्थात निर्यातीचा व दुरुस्ती बाजाराचा हिस्सा वजा केल्यावरही वाढीचा मोठा भाग प्रत्येक वाहनामागील भागांची किंमत वाढल्यामुळे आला आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना सुधारित ब्रेक प्रणाली सक्तीची झाली, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानके आली, मोटारींत एअरबॅग वाढल्या आणि लहान मोटारींची जागा उंच, अवजड मोटारींनी घेतली. दुचाकीचे साधे कार्ब्युरेटर जाऊन इंधन अंतःक्षेपण, संवेदक आणि नियंत्रक आले. हे भाग प्रामुख्याने मोठे, बहुधा परदेशी तंत्रावर चालणारे पहिल्या स्तरावरील पुरवठादार तयार करतात. मंडळापासून चिपपर्यंत त्यांतील बराच ऐवज आयात होतो. शेडमध्ये दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन टाकून बसलेल्याच्या वाट्याला या वाढीतून फारसे काही आलेले नाही, कारण वाहनांची संख्या वाढल्याखेरीज त्याच्या नगांची संख्या वाढत नाही.

निर्यातीच्या बाबतीत समाधान मानण्यास जागा आहे, हे नाकारता येणार नाही. सुंदरम फास्टनर्सने १९९० च्या दशकात जनरल मोटर्सला रेडिएटरची झाकणे पुरवण्यापासून जो प्रवास सुरू केला, सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने १९९८ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळवून ज्याला प्रतिष्ठा दिली आणि भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस ही कंपनी घेऊन ज्याला वेगळे वळण दिले, त्याचे फळ आज दिसते. २०२४-२५ मध्ये निर्यात २२.९ अब्ज डॉलर व आयात २२.४ अब्ज डॉलर होती. त्या वर्षी व्यापार किंचित शिलकीत होता. नीती आयोगाच्या मते सुट्या भागांच्या जागतिक व्यापारात भारताचा वाटा सुमारे ३ टक्के असून तो २०३० पर्यंत ८ टक्के आणि निर्यात ६० अब्ज डॉलर व्हावी. २०२४-२५ च्या आकड्यापासून मोजले तर त्यासाठी दरवर्षी सुमारे २१ टक्के वाढ हवी. त्या वर्षीची प्रत्यक्ष वाढ ८ टक्के होती. त्यानंतर मे २०२५ मध्ये अमेरिकेने वाहनांच्या सुट्या भागांवर २५ टक्के आयात शुल्क लावले, आणि अमेरिका हीच भारताची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे.

साखळीचे खालचे टोक

ॲक्माचे सदस्य एक हजाराहून थोडे अधिक आहेत व संघटित क्षेत्रातील बहुतांश उलाढाल त्यांच्याकडे आहे. आराखड्यांमागील माहितीचा मुख्य स्रोत हाच. त्यांच्या खाली दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या स्तरावरील हजारो कारखाने आहेत : लुधियानाचे नट-बोल्ट, राजकोटचे बेअरिंग व फोर्जिंग, कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री, भोसरी व चाकणमधील प्रेस शॉप, जमशेदपूरलगतचे आदित्यपूर, तामिळनाडूतील होसूर व कोइम्बतूर. आराखड्यांत हे कारखाने 'समूह' या शब्दात येतात. समूहांसाठी सामाईक सुविधा केंद्रे उभारावीत, कौशल्य प्रशिक्षण द्यावे, असे सुचवले जाते. वरच्या स्तराशी त्यांचे व्यवहार कोणत्या अटींवर होतात याविषयी मात्र मौन आहे.

या अटी व्यवसायात सर्वज्ञात आहेत. पुरवठा करारात दरवर्षी ठरावीक टक्के किंमत कमी करण्याची अट असते. उत्पादनक्षमता वाढल्याने खर्च घटतो असे तिचे समर्थन. मोठा पुरवठादार ती अट खालच्याकडे ढकलतो, तो त्याच्या खालच्याकडे. अखेरच्या पायरीवर ती ढकलण्यास मजुरीखेरीज काही उरत नाही. पोलादाचा भाव वाढला तर वाढीव दर काही महिन्यांनी व मागाहून मिळतो. तोवरचे भांडवल लहान कारखानदाराचे अडकते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि विलंबास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. तथापि ज्याचा ग्राहक एकच आहे तो त्या ग्राहकाविरुद्ध सुकरता परिषदेकडे तक्रार नेईल, हे गृहीतच व्यवहाराशी विसंगत आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात आलेली कलम ४३ब(ह) ची तरतूद अधिक परिणामकारक ठरण्यासारखी होती. मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चातून वजा न करू देणारी ही तरतूद तक्रारीची वाट पाहत नाही. पण ती सूक्ष्म व लघु उद्योगांपुरती आहे आणि मध्यम उद्योग तिच्या बाहेर राहिले.

मंदीचा भार कसा वाटला जातो हे २०१९ मध्ये दिसले. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत उलाढाल सुमारे १० टक्क्यांनी घसरली आणि सुमारे एक लाख हंगामी कामगारांचे काम गेले, असे ॲक्मानेच सांगितले. हंगामी व कंत्राटी कामगार ही या उद्योगाची लवचीकता मानली जाते. वार्षिक उद्योग सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये सर्व उद्योगांतील कारखाना कामगारांपैकी ४० टक्क्यांहून अधिक कामगार कंत्राटी होते. वाहन पट्ट्यांतील पुरवठादार कारखान्यांत नेमके प्रमाण किती, हे तिन्ही दस्तऐवजांतून कळत नाही.

या लवचीकतेची किंमत शरीराने मोजली जाते. 'सेफ इन इंडिया फाउंडेशन' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने वार्षिक अहवाल काढते. गुडगाव-फरीदाबाद पट्ट्यात सुरू झालेल्या या नोंदींत पुढे पुण्यासह इतर केंद्रांची भर पडली. पॉवर प्रेसवर बोटे गमावणारे कामगार हा त्या नोंदींचा मध्यवर्ती विषय आहे. जखमी बहुतांशी स्थलांतरित व कंत्राटी असतात. यंत्राला संरक्षक संवेदक नसतो किंवा तो बंद केलेला असतो, कामाचे तास कायद्याच्या मर्यादेपलीकडचे असतात आणि राज्य विमा योजनेचे कार्ड अनेकांच्या हाती अपघातानंतरच पडते. हे अपघात बहुधा मोटार कंपनीच्या आवारात घडत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या स्तरावरच्या शेडमध्ये घडतात. त्यामुळे कंपनीच्या सुरक्षा अहवालात ते येत नाहीत. दुसऱ्या आराखड्याच्या सुरक्षाविषयक मांडणीत सुरक्षा म्हणजे वाहनातील प्रवाशाची आणि रस्त्यावरील पादचाऱ्याची सुरक्षा. तो भाग घडवणाऱ्याची नव्हे.

साखळीच्या तळाशी घडलेले वरपर्यंत पोहोचतच नाही असे मात्र नाही. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये गुडगावमधील एका पुरवठादार कारखान्यात संप झाला, त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला आणि भागांअभावी जनरल मोटर्स व फोर्ड यांच्या उत्तर अमेरिकेतील काही कारखान्यांचे उत्पादन थांबले. जागतिक मूल्यसाखळीत भारत किती खोलवर गुंतला आहे याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचित मिळेल. नीती आयोगाच्या अहवालाचा विषय हाच असताना त्याच्या शिफारशींत श्रमसंबंधांना मिळालेली जागा नगण्य आहे.

विद्युत वाहने आणि प्रोत्साहनाचा उंबरठा

विद्युत वाहनात पिस्टन, क्रँकशाफ्ट, इंधन अंतःक्षेपक, क्लच आणि सायलेन्सर नसतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून निघणारी इंजिनाची कास्टिंग किंवा राजकोटच्या क्रँकशाफ्ट या बदलाच्या थेट मार्गावर आहेत. ब्रेक, सस्पेंशन, आसने व दिवे यांना तूर्त धोका नाही. नव्या वाहनातील मोलाचे भाग म्हणजे बॅटरी, मोटार व नियंत्रक. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा मोटारीतील चुंबक मिळेनासे होऊन काही महिन्यांतच भारतातील विद्युत दुचाकींचे उत्पादन अडखळले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने वर्षाला ६,००० टन क्षमतेचे चुंबक उत्पादन उभे करण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या टंचाईपूर्वी ही परावलंबिता कोणत्याही आराखड्याच्या केंद्रस्थानी नव्हती. आयात-निर्यातीची शिल्लक जुळली की काम झाले, असा हिशेब होता. शिल्लक डॉलरमध्ये मोजली जाते. एक चुंबक न आल्याने थांबलेली संपूर्ण मोटार त्या हिशेबात दिसत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेली २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना हे या संक्रमणाचे प्रमुख साधन आहे. प्रगत तंत्रज्ञानाच्या उत्पादनांना ती लागू असून ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धनाची अट तिच्यात आहे. २००१ मध्ये हातून गेलेले देशीकरणाचे साधन, बक्षिसाच्या रूपाने का होईना, परत आले आहे आणि ते स्वागतार्ह आहे. प्रश्न पात्रतेचा आहे. सुट्या भागांच्या उत्पादकासाठी समूहाची किमान ५०० कोटी रुपयांची उलाढाल आणि स्थावर-यंत्रसामग्रीत १५० कोटी रुपयांची गुंतवणूक आवश्यक आहे. योजना आली तेव्हाच्या व्याख्येनुसार मध्यम उद्योगाची कमाल उलाढाल २५० कोटी होती. एप्रिल २०२५ मध्ये ती मर्यादा वाढवून ५०० कोटी करण्यात आली. म्हणजे मोठ्या समूहाचा भाग नसलेला कोणताही सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योग योजनेच्या आरंभी तिच्या दारापर्यंतही पोहोचू शकत नव्हता. मार्च २०२२ मध्ये सुट्या भागांच्या गटात ७५ अर्ज मंजूर झाले. ज्यांची उत्पादने विद्युत वाहनामुळे कालबाह्य होणार आहेत त्यांच्यातील बहुसंख्य या ७५ मध्ये नाहीत, आणि यंत्र बदलण्यासाठी लागणारे कर्ज त्यांना आजही घर किंवा गाळा तारण ठेवून काढावे लागते.

अवजड उद्योग मंत्रालयाने २०२५ मध्ये '२०४७' हे वर्ष समोर ठेवून तिसऱ्या वाहन आराखड्याच्या तयारीसाठी उपसमित्या नेमल्या. उत्पादक, त्यांच्या संघटना, मंत्रालये आणि शिक्षणसंस्था यांच्याशी सल्लामसलतीची ही प्रक्रिया आहे. कास्टिंगपासून मोटारीपर्यंतची दुबार मोजणी वगळून काढलेले मूल्यवर्धन, पुरवठादाराच्या स्तरानुसार देयकांचा सरासरी कालावधी, कंत्राटी कामगारांचे प्रमाण आणि पॉवर प्रेसवरील अपघातांची संख्या हे चार रकाने पहिल्या दोन आराखड्यांच्या तक्त्यांत नव्हते. त्यांपैकी देयकांची माहिती वस्तू व सेवा कर आणि ट्रेड्स मंचांच्या नोंदींतून, तर अपघातांची राज्य विमा महामंडळाच्या दाव्यांतून, पुरवठा साखळीशी जोडून काढता येण्याजोगी आहे.